राउटरचे दार बाहेरून कसे उघडते

घरातला राउटर दोन्ही दिशांना सारखा वागत नाही. आतून बाहेर निघालेल्याला तो मुकाट्याने वाट देतो. बाहेरून आपणहून आलेल्याला उंबऱ्यावरच थांबवतो, आणि तेही काही न बोलता. मोबाइलवर व्हिडिओ लावणे, बँकेचे ॲप उघडणे, कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ संकेतस्थळावरून जमिनीचा उतारा बघणे ही सगळी कामे आतून सुरू होतात, म्हणून ती कसलीही जुळवाजुळव न करता चालतात. पण पुण्यात नोकरीला असलेल्या माणसाला गावातल्या तंबाखूच्या वखारीवरचा कॅमेरा थेट बघायचा असेल, किंवा घरच्या संगणकावरची हिशेबाची फाइल निपाणीतल्या दुकानात बसून उघडायची असेल, तर सुरुवात बाहेरून होते. अशा आत येणाऱ्या जोडणीबद्दल राउटरला आधी सांगून ठेवावे लागते. या सांगून ठेवण्यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. सांगणे दोन मिनिटांचे असते. मात्र ते ऐकून काही उपयोग होईल अशा जागी आपला राउटर आहे की नाही, हे आधी बघावे लागते, आणि बहुतेकांचा वेळ तिथेच वाया जातो.

कोगनोळीसारख्या गावात हा प्रश्न नेमका कसा उभा राहतो ते पाहण्याजोगे आहे. बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी तालुक्यातले हे गाव पुणे-बंगळूर महामार्गावर, कागलकडून दूधगंगा ओलांडून कर्नाटकात शिरले की लागते. महामार्गावरचा टोल नाका गावाच्याच नावाने ओळखला जातो. घरात मराठी, सरकारी कागद कन्नडमध्ये, बाजार निपाणीचा किंवा कागल-कोल्हापूरचा, आणि शिकलेली मुले पुण्याला नाहीतर बंगळूरला. लँडलाइनच्या दिवसांत निपाणीचा कोड ०८३३८ आणि कागलचा ०२३२५. नदीपलीकडे फोन लावणे म्हणजे दुसऱ्या राज्यात फोन लावणे. इंटरनेटला राज्यांच्या सीमा कळत नाहीत असे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. दूरसंचाराची परवाना मंडळे, म्हणजे लोक ज्यांना सर्कल म्हणतात ती, आजही राज्यांप्रमाणे आहेत. कोगनोळी कर्नाटक सर्कलमध्ये येते, कागल महाराष्ट्रात. सीमेवरचा मोबाइल कधी या तर कधी त्या सर्कलचा टॉवर धरतो. इंटरनेटवरच्या पत्त्यावरून ठिकाण ओळखणाऱ्या संकेतस्थळाने कोगनोळीतल्या माणसाला बंगळूरकर ठरवले, तर त्यात नवल नाही.

येणारी जोडणी म्हणजे काय, हे या भागातल्या शेतकऱ्याला नव्याने शिकवावे लागत नाही. पंपावरचा मोबाइल स्टार्टर हा तिचा रोजचा नमुना. त्यात सिमकार्ड असते, सिमला नंबर असतो, त्या नंबरवर फोन केला की मोटर चालू. कुणीही उठून मोटर चालू करू नये म्हणून मालकाचे दोन-चार नंबर स्टार्टरमध्ये आधीच नोंदवलेले असतात. घरच्या इंटरनेटवरून असेच काही करायचे तर तीन गोष्टी लागतात: जगाला लावता येईल असा नंबर, आलेला फोन घरातल्या कोणत्या यंत्राकडे द्यायचा याची सूचना, आणि कुणाचा फोन घ्यायचा याचा नियम. दुसरी आणि तिसरी गोष्ट मालकाच्या हातात असते. पहिली बहुतेक घरांकडे नसतेच.

नंबर नाही, कारण नंबर संपले. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता लागतो. सप्टेंबर १९८१ मध्ये ठरलेल्या आयपीच्या चौथ्या आवृत्तीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, हा पत्ता ३२ बिटांचा आहे. त्यातून ४,२९,४९,६७,२९६ पत्ते निघतात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी. विद्यापीठे आणि संशोधनसंस्था जोडण्यासाठी हा आकडा अफाट होता. पुढे घरोघरी संगणक आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गट वाटले गेले, आणि १५ एप्रिल २०११ रोजी आशिया-पॅसिफिक विभागाची नोंदणी संस्था, एपनिक, शेवटच्या राखीव गटावर आली. तिथून पुढे या विभागात नव्या कंपनीला पत्ते चमच्याने मिळू लागले. त्याच वर्षी केंद्र सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली, जी आज भारतनेट नावाने ओळखली जाते. म्हणजे खेड्यात फायबर पोहोचायला लागली तेव्हा पत्त्यांचे कोठार रिकामे झालेले होते.

टंचाईवरचा उपाय त्याआधीच निघाला होता. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी नेटवर्क ॲड्रेस ट्रान्स्लेशन, म्हणजे नॅट, ही युक्ती लेखी मांडली. घरातल्या सगळ्या यंत्रांनी बाहेर एकच पत्ता वापरायचा आणि आत खाजगी पत्ते घ्यायचे. फेब्रुवारी १९९६ मध्ये त्यासाठी तीन खाजगी गट पक्के झाले: १० ने सुरू होणारे सगळे पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. या गटांतला पत्ता बाहेरच्या जगात चालत नाही. म्हणूनच कोगनोळीतल्या एका घरातला टीव्ही आणि नागपुरातल्या एखाद्या दवाखान्यातला प्रिंटर या दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.५ असू शकतो, आणि कुणाचे काही बिघडत नाही. एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी स्वतः या उपायाला अल्पकालीन म्हटले होते. तीस वर्षे झाली.

नॅट चालते ते पोर्टच्या आधारावर. पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यामागचा खोली क्रमांक. तो ० ते ६५,५३५ यांतला कोणताही आकडा असतो. संकेतस्थळे ८० आणि ४४३ वर ऐकतात, दूरच्या लिनक्स संगणकावर आज्ञा देण्याची एसएसएच सोय २२ वर, विंडोजचा रिमोट डेस्कटॉप ३३८९ वर. घरातल्या मोबाइलने बाहेर एखादी विनंती पाठवली की राउटर तिच्यावरचा खाजगी पत्ता खोडून आपला लिहितो, एक मोकळा पोर्ट देतो आणि वहीत ओळ टिपून ठेवतो: या पोर्टवर उत्तर आले तर ते त्या मोबाइलचे. उत्तर येते, ओळ सापडते, माहितीचे पाकीट आत जाते. ओळ नसेल तर पाकीट टाकून दिले जाते. २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांना कर्नाटकाने आरटी-पीसीआर अहवाल सक्तीचा केला होता, तेव्हा कोगनोळीच्या नाक्यावर कागद नसलेल्या गाड्या परत फिरवल्या जात. राउटरचा नाका त्याहून कडक. तो गाडी परत फिरवत नाही, फिरायलाही सांगत नाही. पाठवणाऱ्याला उत्तरच मिळत नाही आणि तो वाट बघत बसतो. ‘कनेक्शन टाइम आउट’ ही पडद्यावरची ओळ यातूनच येते.

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे याच वहीत कायमची एक ओळ लिहून ठेवणे. समजा राउटरचा बाहेरचा पत्ता २०३.०.११३.२५ आहे. (हा पत्ता कुणाच्याही घरचा नाही, पाठ्यपुस्तकांतल्या उदाहरणांसाठी २०३.०.११३ ने सुरू होणारा गट मुद्दाम राखून ठेवला आहे.) घरातल्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.५०, आणि त्यावर एक छोटा वेब सर्व्हर ४४३ पोर्टवर ऐकत आहे. राउटरमध्ये ओळ लिहिली: बाहेरचा पोर्ट ८४४३, आतला पत्ता १९२.१६८.१.५०, आतला पोर्ट ४४३, प्रकार टीसीपी. आता पुण्यातल्या मोबाइलने २०३.०.११३.२५ च्या ८४४३ वर पाकीट पाठवले की राउटर पाकिटावरचा ‘प्रति’ बदलतो, १९२.१६८.१.५० आणि ४४३ असे लिहितो आणि आत सोडतो. संगणकाचे उत्तर निघाले की ‘प्रेषक’ उलटा बदलतो. पुण्यातल्या मोबाइलला आतल्या पत्त्याचा पत्ताही लागत नाही. सगळी करामत एवढीच.

पण त्यासाठी राउटरच्या बाहेरच्या अंगाला खरोखर जगाचा पत्ता हवा, आणि इथे बहुतेक प्रयत्न अडतात. पत्ते कमी पडल्यावर इंटरनेट कंपन्यांनी घरातली युक्ती आपल्या केंद्रातही लावली. शेकडो घरांना आतला पत्ता द्यायचा आणि बाहेर जाताना सगळ्यांनी मिळून काही मोजके पत्ते वापरायचे. याला कॅरिअर ग्रेड नॅट किंवा सीजीनॅट म्हणतात. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ पर्यंतचा वेगळा गट राखला गेला. त्यात ४१,९४,३०४ पत्ते बसतात. एका बाहेरच्या पत्त्यावर सुमारे ६५ हजार पोर्ट, प्रत्येक घराला हजार दिले तर साठेक घरे एका पत्त्यावर मावतात. वाडा एक, बिऱ्हाडे साठ. आपल्या बिऱ्हाडाच्या दारावर कितीही ठळक पाटी लावली तरी वाड्याच्या दिंडीदरवाजाची वही कंपनीकडे असते, आणि तिच्यात आपली ओळ लिहायला कंपनी देत नाही. राउटरमधली सेटिंग अचूक, यंत्र चालू, पोर्ट बरोबर, तरी बाहेरून काहीच पोहोचत नाही, असे झाले की कारण बहुधा हेच असते.

म्हणून पहिले काम तपासणीचे. राउटरच्या पानावर जायचे. ब्राउझरमध्ये पत्ता टाकायचा: पुष्कळ राउटरांचा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, जिओच्या घरगुती राउटरचा १९२.१६८.२९.१. राउटरच्या पोटाखाली चिकटवलेल्या कागदावर तो आणि सुरुवातीचा पासवर्ड छापलेला असतो. आत ‘स्टेटस’ किंवा ‘वॅन’ या नावाच्या पानावर बाहेरच्या अंगाचा पत्ता दिसतो. तो टिपून घ्यायचा. मग त्याच वायफायवरून गूगलमध्ये आपला आयपी पत्ता विचारायचा. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले तर पत्ता सार्वजनिक आहे, पुढे जायला हरकत नाही. वॅन पानावरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल तर सीजीनॅट. तो १० ने सुरू होत असेल तरीही बहुधा तेच. १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर मात्र अडथळा कंपनीत नसून घरातच असण्याची शक्यता जास्त.

घरातला हा अडथळा गावाकडे फार आढळतो. फायबर जोडून देणारा बहुतेक वेळा पूर्वीचा केबलवालाच असतो, किंवा मोठ्या कंपनीचा स्थानिक भागीदार. तो भिंतीवर एक डबा बसवून जातो. त्याचे खरे नाव ओएनटी, लोक त्याला मोडेमच म्हणतात. हा डबा स्वतःच राउटरचे काम करतो आणि वायफायही सोडतो. पण वाड्यांच्या जाड भिंतींतून ते माजघरापलीकडे जात नाही, म्हणून घरचे लोक निपाणी किंवा कोल्हापूरहून आणखी एक राउटर आणून त्याला जोडतात. आता नाके दोन झाले. दुसऱ्या राउटरमध्ये लिहिलेली ओळ बरोबर असली तरी पाकीट पहिल्यावरच गळते. याला डबल नॅट म्हणतात. यावर तोडगे दोन. पहिला, ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून घ्यायची, म्हणजे ती नुसती फायबरची तार इथरनेटमध्ये बदलून देते आणि राउटरचे काम आपला राउटर करतो. हे बहुधा कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावे लागते, कारण त्या पानाचा पासवर्ड त्याच्याकडे असतो. दुसरा तोडगा सोपा: दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट करायचे. त्याची डीएचसीपी, म्हणजे पत्तेवाटप, बंद करायची, त्याला पहिल्याच्या गटातला पण कुणाकडे नसलेला पत्ता द्यायचा, आणि पहिल्यातून येणारी केबल त्याच्या ‘वॅन’ खोबणीत न खुपसता ‘लॅन’ खोबणीत लावायची. मग तो फक्त वायफाय लांबवतो आणि नाका एकच उरतो. डीएचसीपी बंद करायचे विसरले तर घरात दोन जण पत्ते वाटू लागतात आणि निम्म्या मोबाइलचे इंटरनेट अधूनमधून जाते. मग दोष फायबरला दिला जातो.

सीजीनॅटवर मात्र राउटरची सेटिंग बदलून इलाज होत नाही. कंपनीकडे सार्वजनिक, शक्यतो स्थिर पत्ता मागावा लागतो. अनेक कंपन्या तो वेगळा आकार घेऊन देतात. काही तो फक्त व्यावसायिक जोडणीवरच देतात, काही घरगुती ग्राहकाला देतच नाहीत. अर्ज करताना शब्द नीट वापरलेले बरे. ‘स्टॅटिक आयपी’ हवा म्हटले की तक्रार केंद्रातला माणूस कधीकधी घरातल्या संगणकाला स्थिर खाजगी पत्ता कसा द्यायचा तेच समजावून सांगू लागतो. ‘सार्वजनिक स्थिर आयपीव्ही४ पत्ता’ असे पूर्ण म्हणावे.

पत्ता मिळाला की उरलेले काम सरळ आहे. आधी घरातल्या यंत्राला आतला पत्ता पक्का करून द्यायचा. डीएचसीपी पत्ते भाड्याने देते. वीज गेली, सगळे पुन्हा सुरू झाले की कालचा ५० नंबर आज दुसऱ्या मोबाइलकडे जाऊ शकतो, आणि बाहेरून आलेले पाकीट भलत्याच दारात उभे राहते. राउटरमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ नावाचे पान असते. तिथे यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यात दिलेला बारा अंकाक्षरांचा ओळख क्रमांक, आणि द्यायचा आयपी पत्ता यांची जोडी लावून टाकली की पत्ता कायमचा होतो. मग पोर्ट फॉरवर्डिंगचे पान. कंपनीगणिक त्याचे नाव बदलते. कुठे ते ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ असते, कुठे ‘नॅट’, कुठे ‘ॲप्लिकेशन्स’च्या खाली दडलेले. रकाने मात्र तेच चार-पाच असतात. टीसीपी की यूडीपी, म्हणजे पाकिटे नेण्याच्या दोन पद्धतींपैकी कोणती, हे यंत्राच्या पुस्तिकेत बघायचे. दोन्ही टाकून मोकळे होण्याची सवय चांगली नाही. त्याच पानाच्या शेजारी ‘डीएमझेड’ नावाचा एक खटका असतो. तो दाबला की बाहेरून आलेले सगळेच्या सगळे पोर्ट एका यंत्राकडे जातात. काम झटकन होते खरे, पण वाड्याचे सगळे दरवाजे काढून ठेवल्यावर वाट मोकळी झाली म्हणण्यातला हा प्रकार आहे.

चाचणी घरच्या वायफायवरून करू नये. घरात बसून आपलाच बाहेरचा पत्ता लावला तर पाकिटाला राउटरपर्यंत जाऊन तिथूनच मागे वळावे लागते. हे वळण, ज्याला हेअरपिन म्हणतात, पुष्कळ स्वस्त राउटरांना जमत नाही. सेटिंग बरोबर असूनही ‘चालत नाही’ असा निष्कर्ष निघतो. मोबाइलचे वायफाय बंद करून सिमच्या डेटावरून बघितले की खरे काय ते कळते.

स्थिर पत्ता न घेता बदलता सार्वजनिक पत्ता असेल, तर राउटर बंद होऊन पुन्हा चालू झाला की नवा पत्ता मिळतो. खेड्यात वीज जाणे ही काही बातमी नसते, त्यामुळे पत्ताही टिकत नाही. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी इंटरनेटची यंत्रणा; बदलत्या पत्त्यासाठी तिच्यावर आधारलेली डायनॅमिक डीएनएस ही सोय आहे. एक नाव नोंदवायचे, आणि राउटर किंवा घरातले एखादे यंत्र दर काही मिनिटांनी त्या सेवेला आपला सध्याचा पत्ता कळवत राहते. बाहेरून लावणारा नाव लावतो, पत्ता आपोआप ताजा मिळतो. नो-आयपी, डकडीएनएस या सेवा त्यासाठीच आहेत आणि त्यांत फुकट खातीही मिळतात. एका गोष्टीची मात्र गफलत होते: डायनॅमिक डीएनएस सीजीनॅटवर तोडगा नाही. तिथे ते नाव कंपनीच्या दिंडीदरवाजाकडे बोट दाखवते, बिऱ्हाडाकडे नाही.

आता तिसरी गोष्ट, कुणाचा फोन घ्यायचा. स्टार्टरमध्ये जसे ओळखीचे नंबर भरतात तसे काही राउटरांत ‘फक्त या पत्त्यावरून येणाऱ्यालाच’ असा नियम लावता येतो. निपाणीच्या दुकानाला स्थिर पत्ता असेल तर हा नियम उत्तम. मोबाइलसाठी तो निरुपयोगी, कारण मोबाइलचा बाहेरचा पत्ता सतत बदलतो, आणि कागल ते कोगनोळी एवढ्या प्रवासात सर्कलही बदलू शकते.

उघडलेला पोर्ट कुणाच्या लक्षात येणार नाही, ही समजूत सोडून द्यावी. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचे साधन प्रसिद्ध केले. एकच संगणक आणि गिगाबिट जोडणी असेल तर आयपीव्ही४ चे सगळे पत्ते एका पोर्टसाठी पाऊण तासाच्या आत चाचपून होतात. उघड्या यंत्रांची यादी करणारे शोडॅन हे शोधयंत्र २००९ पासून चालू आहे. कोगनोळीतल्या वखारीचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डबा, शोधायला चोराला कोगनोळी कुठे आहे हे माहीत असण्याची गरज नसते. २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक प्रणालीने हेच केले. तिच्यात कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठाहून अधिक जोड्या भरलेल्या होत्या. ती इंटरनेटभर उघडी यंत्रे शोधत फिरे, जोड्या एकेक करून लावून बघे, आणि लागली की कॅमेरा किंवा डीव्हीआर तिच्या ताब्यात. अशा यंत्रांची फौज करून २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या अमेरिकी डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे तासन्‌तास लंगडली. घरात बसलेल्या मालकांना आपला कॅमेरा त्या हल्ल्यात होता याचा पत्ताही नव्हता. चित्र तर नेहमीसारखे दिसत होते.

तेव्हा डीव्हीआरचा, रिमोट डेस्कटॉपचा किंवा राउटरच्या स्वतःच्या पानाचा पोर्ट थेट बाहेर काढू नये. ३३८९ च्या जागी ५३३८९ वापरल्याने चाचपणीचा गोंगाट कमी होतो, धोका नाही. राउटरमध्ये ‘यूपीएनपी’ नावाची एक सोय असते. ती चालू असली की घरातले कोणतेही यंत्र मालकाला न विचारता स्वतःच वहीत ओळ लिहून घेऊ शकते. गेम खेळणाऱ्यांना ती सोयीची वाटते. कॅमेऱ्यांच्या घरात ती बंद असलेली बरी.

खरोखर एकच दार उघडायचे असेल तर ते व्हीपीएनचे, म्हणजे किल्ली असलेल्यालाच घरच्या नेटवर्कमध्ये घेणाऱ्या सांकेतिक बोगद्याचे, उघडावे. वायरगार्ड ही त्यातली आजची सगळ्यात सुटसुटीत पद्धत. मार्च २०२० मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यात आली आणि आता काही घरगुती राउटरांतही मिळते. तिचा नेहमीचा पोर्ट यूडीपी ५१८२०. तिची खुबी अशी की योग्य किल्ली नसलेल्याला ती उत्तरच देत नाही. चाचपणी करणाऱ्याला तिथे दार आहे हेही कळत नाही. पुण्यातला मोबाइल किल्लीने आत आला की तो घरच्या वायफायवर असल्यासारखाच होतो. मग डीव्हीआर, प्रिंटर, फाइली सगळे आपापल्या खाजगी पत्त्यावर दिसते, आणि वहीत ओळ एकच राहते.

सार्वजनिक पत्ता मिळतच नसेल तर उलटी चाल खेळावी लागते. बाहेरून आत येता येत नाही, पण आतून बाहेर जाता येते. मग घरातल्या यंत्रानेच बाहेर जाऊन उभे राहायचे. डीव्हीआरवरचा क्यूआर कोड मोबाइलने टिपला की कॅमेरा दिसू लागतो, तो याच युक्तीने. डीव्हीआर कंपनीच्या सर्व्हरशी आतून जोडणी करून ठेवतो, मोबाइलही त्याच सर्व्हरकडे जातो, आणि सर्व्हर दोघांना एकमेकांचे बाहेरचे पत्ते आणि पोर्ट सांगतो. मग दोघे एकाच वेळी एकमेकांकडे पाकिटे सोडतात. प्रत्येकाच्या नाक्याला वाटते, हे तर आपल्याच माणसाने मागवलेले उत्तर आहे. या प्रकाराला होल पंचिंग म्हणतात. जमले नाही तर सगळे चित्र सर्व्हरमार्फत फिरते आणि रखडत दिसते. यात पासवर्ड आणि चित्र कुणाच्या सर्व्हरवरून जाते, हा विचार उरतो. तो नको असणाऱ्यांसाठी टेलस्केलसारख्या सेवा आहेत. त्या होल पंचिंग करून दोन यंत्रांमध्ये वायरगार्डचीच जोडणी बांधून देतात, किल्ल्या यंत्रांवरच राहतात, आणि राउटरला हातही लावावा लागत नाही. ज्याला लिनक्स येते तो महिन्याला काही शे रुपयांत भाड्याचा सर्व्हर घेऊन घरून त्याच्याकडे कायमचा बोगदा काढतो. जगाचा पत्ता त्या सर्व्हरचा, माल घरचा.

सहाव्या आवृत्तीचे, म्हणजे आयपीव्ही६ चे, प्रकरण वेगळे. तिथे पत्ता १२८ बिटांचा असतो आणि एका घराला मिळणारा गटच सगळ्या आयपीव्ही४ इंटरनेटपेक्षा कितीतरी मोठा असतो. नॅटची गरजच राहत नाही. प्रत्येक कॅमेऱ्याला जगाचा पत्ता. भारत यात आघाडीच्या देशांत आहे. २०१६ मध्ये जिओची मोबाइल सेवा सुरू झाली तीच आयपीव्ही६ वर, आणि आज देशातल्या निम्म्याहून पुष्कळ अधिक वापरकर्त्यांकडे ते आहे, बहुतेकांना ठाऊक नसले तरी. सीजीनॅटमागे अडकलेल्या घरालाही बहुधा हा दुसरा, मोकळा पत्ता मिळालेला असतो. मात्र नॅट नसले तरी नाका असतो. राउटरची फायरवॉल बाहेरून आलेले आयपीव्ही६ पाकीटही टाकूनच देते, आणि ते आत घ्यायचे तर ‘आयपीव्ही६ फायरवॉल’च्या पानावर यंत्राचा पत्ता आणि पोर्ट देऊन परवानगी लिहावी लागते. पत्ता बदलायचा प्रश्न इथे नसल्याने बाहेरचा आणि आतला पोर्ट एकच. अडचणी दोन आहेत. कंपनीने दिलेल्या काही राउटरांत हे पानच नसते. आणि बाहेरून बघणाऱ्याकडेही आयपीव्ही६ लागते. पुण्यातल्या कचेरीच्या वायफायवर ते नसेल तर तिथून घर दिसणार नाही, सिमच्या डेटावरून दिसेल.

हे सगळे एकदा बसले की वर्षानुवर्षे चालते, आणि मग एके दिवशी अचानक बंद पडते. त्याचे कारण बहुधा साधे असते: पावसाळ्यात वीज कडाडते, ओएनटी जळते, केबलवाला नवी बसवून जातो, आणि जुन्या डब्याबरोबर सगळ्या ओळी, राखून ठेवलेले पत्ते आणि ब्रिज मोडही जातो. कंपनीचा माणूस ‘रिसेट’ची टाचणी खुपसतो तेव्हाही हेच होते. सेटिंगच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवलेला असेल तर सगळे परत बसवायला पंधरा मिनिटे पुरतात. फोटो काढताना पासवर्डाचा रकाना उघडा नाही ना, तेवढे बघावे.